विश्लेषण : पनवेल-कर्नाळा पट्ट्यात अमली पदार्थांचे साठे सापडतात, व्यसनाचे रुग्ण का सापडत नाहीत?

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडून पळस्पे फाटा ओलांडला की शिरढोणनंतर कर्नाळ्याचा सुळका समोर येतो. कोकणातील बंदरे आणि बोरघाट यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटेवर लक्ष ठेवण्यासाठी हा किल्ला एके काळी महत्त्वाचा होता. मालाची ये-जा आजही याच टापूतून होते. एका बाजूला न्हावा-शेवा बंदर, दुसऱ्या बाजूला खोपोली-खालापूरचा औद्योगिक पट्टा आणि मधे पनवेल तालुक्यातील गोदामे व कंटेनर यार्ड. गेल्या काही वर्षांत या टापूत हेरॉइन, मेफेड्रोन आणि कोकेनचे मोठमोठे साठे पकडले गेले. प्रत्येक वेळी किलो आणि कोटींचे आकडे मथळ्यात झळकले. या पदार्थांच्या आहारी गेलेला माणूस मात्र मथळ्यात येत नाही आणि दवाखान्यातही फारसा येत नाही. त्याच्या मेंदूत आणि शरीरात काय घडते, कायदा त्याच्याकडे कसा पाहतो आणि उपचारांची वाट कुठे अडते, याचा हा आढावा.

पनवेलच्या आसपास काय काय सापडले?

जुलै २०२२ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी पनवेल तालुक्यातील आजिवली येथील एका कंटेनर यार्डातून सुमारे ७२.५ किलो हेरॉइन जप्त केले. पंजाब पोलिसांकडून मिळालेल्या माहितीवरून ही कारवाई झाली. दुबईहून न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या या कंटेनरमध्ये संगमरवरी फरशा होत्या. हेरॉइन फरशांमध्ये नव्हते, ते कंटेनरच्या दाराच्या पोकळ चौकटीत भरलेले होते. माल घ्यायला कोणी न आल्याने कंटेनर काही महिने यार्डातच पडून होता.

ही पहिली वेळ नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि सीमाशुल्क विभागाने न्हावा-शेवा येथे १९१ किलो हेरॉइन पकडले होते. प्लास्टिकच्या नळ्यांना बांबूसारखा रंग देऊन त्यात ते दडवले होते आणि कागदोपत्री तो माल आयुर्वेदिक औषधांचा होता. जुलै २०२१ मध्ये इराणहून आलेल्या मालातून तीनशे किलोच्या घरात हेरॉइन मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी ज्येष्ठमधाच्या काड्यांचा सुमारे २२ टनांचा कंटेनर ताब्यात घेतला. काड्यांवर हेरॉइनचा लेप होता आणि त्यातील हेरॉइन सुमारे ३४५ किलो असल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच वाशीत दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथॲम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन बाहेर निघाले. पाठोपाठ न्हावा-शेवा येथे फळांच्याच कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन सापडले.

हा सगळा माल बाहेरून आलेला. डिसेंबर २०२३ मध्ये चित्र बदलले. रायगड पोलिसांनी खोपोलीजवळच्या ढेकू गावाच्या हद्दीत मेफेड्रोन बनवणारा कारखानाच उघडकीस आणला. जप्त मालाची किंमत ३०० कोटींच्या वर सांगण्यात आली. म्हणजे जे आधी समुद्रातून यायचे, त्याच्या जोडीला आता घरचे उत्पादनही आले. नाशिकजवळचे शिंदे गाव (२०२३) आणि पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ (२०२४) येथील कारखान्यांची प्रकरणेही याच काळातील आहेत. मागणीची बाजूही या भागाला नवी नाही. खालापूर तालुक्यातील एका रिसॉर्टवर पोलिसांनी छापा घालून सुमारे तीनशे तरुण-तरुणींना ताब्यात घेतले, ती तारीख होती २६ जून २०११. तोच आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिन. योगायोगाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

इतिहासात थोडे मागे गेले तर याच किनाऱ्यावरून माल उलट्या दिशेने जात होता. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारातून मुंबईत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्या वेळी व्यसनी होणारा माणूस दूर देशी होता.

कोटींच्या आकड्यांकडे कसे पाहावे?

थोडे सावधपणे. आजिवलीच्या ७२.५ किलोची किंमत सुमारे ३६२ कोटी रुपये सांगितली गेली, ज्येष्ठमधाच्या कंटेनरमधील ३४५ किलोची १७२५ कोटी. भागाकार केला तर दोन्हीकडे दर एकच निघतो, किलोला पाच कोटी. म्हणजे ग्रॅमला ५० हजार रुपये. हा आंतरराष्ट्रीय बाजारातील, किरकोळ विक्रीच्या शेवटच्या टोकाचा दर मानला जातो. नाक्यावर पुडी घेणारा मुलगा या दराने काही घेत नाही. त्याला मिळते ते भेसळीचे, हलक्या प्रतीचे. आणि तेच जास्त घातक असते, कारण आज घेतलेल्या पुडीत खरे द्रव्य किती आणि उद्याच्या पुडीत किती, याचा त्याला पत्ता नसतो. तेव्हा बातमीत कोटी वाचण्यापेक्षा किलो वाचावेत. कायद्यात हेरॉइनचे ‘अल्प प्रमाण’ पाच ग्रॅमपर्यंत आहे. या मापाने ७२.५ किलो म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या साडेचौदा हजार पुड्या.

हेरॉइन आणि ‘एमडी’ यांत फरक काय?

हेरॉइन अफूपासून बनते. ते मेंदू संथ करते, वेदना आणि चिंता दोन्ही बोथट करते. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ किंवा ‘ब्राउन शुगर’ या नावाने जे पसरले, ते याचेच अशुद्ध रूप. डॉ. अनिल अवचट यांनी त्या काळात या विषयावर लिहिले आणि ‘गर्द’ हा शब्द घराघरांत पोहोचला. त्याच शब्दातून ‘गर्दुल्ला’ ही शिवीही तयार झाली. ती आजही बातम्यांत सहज वापरली जाते. मधुमेहाच्या रुग्णाला कोणी ‘साखरुल्ला’ म्हणत नाही.

‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. हे पूर्णपणे रासायनिक. त्याचा शोध १९२९ मध्ये लागला होता, पण पुढची सत्तरेक वर्षे त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. या शतकाच्या सुरुवातीला ते पुन्हा बाजारात आले आणि पार्टीचे द्रव्य म्हणून युरोपात पसरले. ब्रिटनने त्यावर एप्रिल २०१० मध्ये बंदी घातली. भारतात ते फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. तोवर महाराष्ट्रात ‘म्याव म्याव’ नावाने त्याची विक्री होत होती आणि पकडलेल्यांवर अमली पदार्थांचे कलम लावता येत नव्हते.

एमडी हेरॉइनच्या उलट काम करते. ते मेंदू पेटवते. झोप उडते, भूक मरते, बडबड वाढते, आपण काहीही करू शकतो असे वाटते. नाकावाटे घेतल्यास हा परिणाम दोन-तीन तासांत उतरू लागतो आणि लगेच पुन्हा घेण्याची तीव्र ओढ लागते. एका रात्रीत पाच-सात वेळा घेण्याचा प्रकार त्यातूनच होतो. अफू, गांजा किंवा कोकेनसाठी शेत लागते. एमडीसाठी रसायनांची पिंपे, भांडी, थोडेफार रसायनशास्त्र जाणणारा माणूस आणि बंद पडलेला गाळा एवढे पुरते. औद्योगिक वसाहतींत असे गाळे शोधावे लागत नाहीत.

व्यसन मनाच्या दुबळेपणामुळे लागते का?

गावात आणि घरात हाच समज सर्वात पक्का आहे. ‘मनात आणले तर सुटते’ हे वाक्य व्यसनी माणसाने जेवढे ऐकलेले असते, तेवढे स्वतःचे नावही ऐकलेले नसेल.

जेवण, पाणी, माणसांची सोबत, कामातील यश अशा गोष्टी मिळाल्या की मेंदूत डोपामाइन हे रसायन स्रवते. ‘हे चांगले होते, पुन्हा कर’ असा तो निरोप असतो. अमली पदार्थ हा निरोप कितीतरी पट मोठ्या आवाजात पोहोचवतात. हे वारंवार झाले की मेंदू स्वतःच आवाज कमी करून घेतो. मग तेवढ्याच मात्रेने तेवढा आनंद मिळत नाही, मात्रा वाढवावी लागते. दुसरीकडे साध्या गोष्टींतला आनंदही कमी होतो. आईच्या हातचे जेवण, क्रिकेट, बाळाचे हसणे, कशानेच काही वाटत नाही. या टप्प्यावर माणूस मजेसाठी घेत नसतो, नुसते नेहमीसारखे वाटावे म्हणून घेत असतो. घरच्यांना मात्र तो अजूनही मजा मारतो आहे असेच वाटते आणि भांडण तिथेच पेटते.

त्यात आठवणीचा भाग मोठा आहे. मेंदू पदार्थाबरोबर जागा, वेळ, माणसे, वास सगळे जोडून ठेवतो. दोन महिने न घेतलेला माणूस पुडी मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आला की हातापायांना घाम सुटतो. हे त्याने ठरवून केलेले नसते. शिवाय विचार करून थांबण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरुवात झाली तर ब्रेक बसवण्याआधीच गाडी उतारावर सोडल्यासारखे होते.

मग घेणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागते का? नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाचे आकडे आजही सांगितले जातात. एकदा तरी घेतलेल्यांपैकी पुढे व्यसन जडणाऱ्यांचे प्रमाण तंबाखूत ३२ टक्के, हेरॉइनमध्ये २३, कोकेनमध्ये १७, दारूत १५ आणि गांजात ९ टक्के होते. यादीत तंबाखू सर्वात वर आहे, हे मळलेली चिमूट ओठाखाली ठेवून ‘आजकालची पिढी बिघडली’ म्हणणाऱ्यांनी पाहायला हरकत नाही. कोणाला व्यसन जडेल याचा निम्म्याच्या आसपास वाटा अनुवंशाचा असतो, असे जुळ्या भावंडांवरील अभ्यास सांगतात. उरलेला वाटा वय, घरचे वातावरण, मानसिक आजार, सोबत आणि पदार्थ किती सहज मिळतो यांचा. घेणाऱ्यांमधील नेमका कोण अडकणार हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही, घेणाऱ्याला तर नाहीच.

परिस्थितीचा वाटा किती मोठा असतो, याचे उदाहरण व्हिएतनाम युद्धातून मिळते. तेथील अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे २० टक्के हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेल्याचे संशोधक ली रॉबिन्स यांना आढळले. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांतील सुमारे पाच टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. युद्ध संपले, सोबत बदलली, घर मिळाले. पनवेलच्या मुलाला उपचारांनंतर परत त्याच नाक्यावर यायचे असते, हा त्यातला फरक.

शरीरावर काय परिणाम होतात?

हेरॉइनचा सर्वात मोठा धोका श्वासाचा. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो आणि थांबतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, ओठ निळे पडणे, हाक मारूनही जाग न येणे ही लक्षणे दिसली तर माणसाला कुशीवर वळवून तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नॅलोक्सोन नावाचे औषध वेळेत मिळाले तर तो वाचू शकतो. अशा वेळी पोलिसांच्या भीतीने मित्र पळून जातात आणि वाचू शकणारा माणूस जातो. सुईने घेणाऱ्यांना एचआयव्ही आणि ‘हिपॅटायटिस सी’चा धोका असतो, तो सामायिक सुयांमुळे.

एमडीमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, शरीराचे तापमान चढते, नाकातून रक्त येते, दात-जबडा आवळला जातो. वजन भराभर उतरते. सलग काही दिवस घेणाऱ्याला भास होऊ लागतात, कोणीतरी पाठलाग करते आहे असे वाटते. अशा मुलाला घरचे आधी देवर्षीकडे नेतात, कारण आवाज ऐकू येणे आणि नाकावाटे घेतलेली पांढरी पूड यांचा संबंध त्यांना माहीत नसतो. नशा उतरल्यावर येणारी उदासी इतकी खोल असते की आत्महत्येचे विचार येतात. तो काळ सांभाळण्याचा असतो.

गांजा ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी मानला जातो. कमी वयात आणि रोज घेणाऱ्यांत गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आले आहे. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन हुंगण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे.

घरच्या घरी व्यसन सोडवता येते का?

इथे सर्वाधिक चुका होतात आणि त्या सगळ्या मायेपोटी होतात. पहिले काही महिने लपवण्यात जातात. मग पैसे बंद करणे, गावी आत्याकडे किंवा मामाकडे पाठवणे, खोलीत कोंडणे. त्यानंतरचा उपाय म्हणजे लग्न. ‘जबाबदारी अंगावर पडली की सुधारेल’ या हिशेबाने एक अजाण मुलगी त्या घरात आणली जाते आणि रुग्ण एकाचे दोन होतात.

अचानक बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला गर्द घेणारे ‘टर्की’ म्हणतात. नाक-डोळे गळणे, उलट्या, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे, झोप नाही. हेरॉइनची टर्की भयंकर असली तरी त्यातून सहसा जीव जात नाही. ती साधारण आठवडाभरात ओसरते. खरा धोका त्यानंतर असतो. काही आठवडे न घेतल्याने शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेने पुन्हा घेतो. कोंडून ठेवलेला किंवा तुरुंगातून सुटलेला रुग्ण पहिल्याच पुडीत जातो तो यामुळे.

दारूचे उलटे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दिवसापासून हात थरथरतात, पुढे फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप अशी अवस्था येऊ शकते. तिच्यात उपचार न मिळाल्यास मृत्यू होतो. त्यामुळे दीर्घकाळ पिणाऱ्याला घरी कोंडणे हा उपाय नाही, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा भाग आहे. जेवणात गुपचूप गोळी मिसळण्याचा प्रकारही सर्रास चालतो. ती गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रुग्णाला माहीत असताना आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उपयोगी पडते, चोरून दिली तर विषप्रयोगाइतकी धोक्याची.

माळ घालण्याचा मार्ग आपल्याकडे जुना आहे. पंढरीची माळ गळ्यात पडली आणि दारू सुटली अशी माणसे गावोगाव दाखवता येतात. त्यात शपथेइतकाच वाटा सोबतीचा असतो. पिणाऱ्यांची बैठक सुटून भजनाची मिळते. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभाही याच तत्त्वावर चालतात आणि त्या महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात. मात्र शरीर पदार्थावर अवलंबून असेल तर आधी औषधोपचार, मग माळ.

दारूचा यात उल्लेख का?

कारण आकडे तसे सांगतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, म्हणजे १४.६ टक्के. त्यांपैकी ५.७ कोटींना दारूमुळे उपचारांची किंवा मदतीची गरज आहे. गांजा-भांग घेणारे सुमारे ३.१ कोटी. अफू, हेरॉइन किंवा त्या वर्गातील औषधे घेणारे २.२६ कोटी, त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज. टोचून घेणारे साडेआठ लाख.

दारूला दुकान आहे, परवाना आहे आणि विरोधाची पद्धतही आहे. महाराष्ट्रात गावातील महिलांनी मागणी करून मतदान घ्यायचे आणि ‘आडवी बाटली’ला बहुमत मिळाले तर दुकान बंद. पुडीला दुकान नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध मतदानही नाही.

कायदा व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहतो की रुग्ण म्हणून?

दोन्ही. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ म्हणजेच ‘एनडीपीएस’ कायदा. त्यात शिक्षा प्रामुख्याने वजनावर ठरते. मेफेड्रोन दोन ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि ५० ग्रॅमच्या वर ‘व्यापारी’ प्रमाण. हेरॉइनसाठी हेच आकडे पाच आणि २५० ग्रॅम, गांजासाठी एक आणि २० किलो. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे आणि जामीन अत्यंत कठीण. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे असा निकाल दिला. त्यामुळे भेसळ करून वाढवलेल्या पुडीतील पांढरी भुकटीही आरोपीच्या खात्यावर जाते. मित्रासाठी ‘फक्त पोहोचव’ म्हणून पाकीट नेणाऱ्या कॉलेजच्या मुलाला हे गणित माहीत नसते.

नुसते सेवन करणे हाही गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ नुसार न्यायालय दोषीला तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडू शकते. कायद्यात ही दारे आहेत, त्यांवर पाटी नाही. पोलीस ठाण्यात धावणाऱ्या बापाला वकील आधी जामिनाचे सांगतो, ६४-अचे क्वचितच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारी मनोवस्था मानसिक आजारात धरली आहे. म्हणजे उपचार मागणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्याला मारझोड करणे, साखळीने बांधणे बेकायदा आहे, मग ते केंद्र कितीही ‘शिस्तीचे’ असो.

मग रुग्ण उपचारांपर्यंत का पोहोचत नाहीत?

‘एम्स’च्या त्याच सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळतात. बेकायदा पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी रुग्णालयात दाखल होऊन कधी तरी उपचार घेतलेला वीसांत एक. लाज, पोलिसांची भीती आणि खर्च ही कारणे आहेतच. अंतर हेही आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला, कर्नाळ्यापासून पन्नासहून अधिक किलोमीटरवर. आसपासच्या वाड्यांतील रोजंदारीवरच्या माणसाला तिथे एकदा जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. व्यसनाच्या उपचारांत तर पुन्हा पुन्हा जावे लागते.

पुन्हा जावे लागते कारण हा दीर्घकालीन आजार आहे. उपचारांनंतर ४० ते ६० टक्के रुग्ण कधी ना कधी घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत औषधे-पथ्य सुटून त्रास उलटण्याचे प्रमाणही साधारण असेच किंवा त्याहून जास्त आहे. तिथे ‘पैसे वाया गेले’ असे कोणी म्हणत नाही. हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखी पर्यायी औषधे आहेत. ती ओढ आणि टर्की आटोक्यात ठेवतात, माणूस कामावर जाऊ शकतो. एमडीसाठी असे पर्यायी औषध नाही. तिथे झोप, आहार, सोबतच्या मानसिक आजाराचे औषध आणि दीर्घकाळ समुपदेशन यांवरच भिस्त.

महाराष्ट्रात या कामाला दिशा दिली ती पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. केंद्राच्या दारावर पहारा न ठेवता रुग्णाला विश्वासात घेणे, बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते बनवणे आणि पत्नी-आईंनाही उपचारात सामील करणे, या गोष्टी तिथून पुढे अनेक केंद्रांनी घेतल्या. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना याच गोष्टी पाहाव्यात. नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर पडल्यावर पाठपुरावा कोण करते. ‘शंभर टक्के हमी’ देणारे केंद्र असेल तर पुढचे विचारण्याचे कारण नाही.

रुग्ण यायला तयार नसेल तर काय करावे?

कुटुंबाने आधी एकट्याने जावे. समुपदेशक घरच्यांशी बोलून कसे वागायचे, पैसे कसे हाताळायचे, कोणत्या वेळी विषय काढायचा हे सांगतात. नशेत असताना विषय काढून उपयोग नसतो. सकाळी, उतरलेल्या अवस्थेत, तोही हलकासा पश्चात्तापात असतो, तेव्हा दोन वाक्ये पुरतात. त्याची उधारी भरणे, मालकाला ‘ताप आहे’ म्हणून फोन करणे थांबवावे लागते, कारण त्यामुळे व्यसनाचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पहिल्या भेटीला जाताना आधीची औषधे, कोणता पदार्थ किती काळ आणि शेवटचा कधी घेतला याची नोंद, फिट किंवा भास आल्याचा इतिहास सोबत असावा. सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षातूनही सुरुवात करता येते, थेट व्यसनमुक्ती केंद्रच गाठले पाहिजे असे नाही.

घरातून फोन करायचा असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४१६ ही ‘टेली-मानस’ची. दोन्ही निःशुल्क आहेत आणि ‘टेली-मानस’वर मराठीतून बोलता येते. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती द्यायची असेल तर २०२४ पासून १९३३ हा क्रमांक सुरू आहे. तिथे नाव न सांगताही बोलता येते.